मोबाईल विका, माणसं विकू नका
(चळवळीच्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकल्यावर दोघंतिघं हसले ते मी पाहिलंय. कालपासून इथं जातीअंतावर बोलणं झालं, जमिनीवर झालं, खाजगीकरणावर झालं, आणि आता हा गोदीतला कवी उठून सांगणार की जुना मोबाईल विकण्याआधी कसा पुसायचा. मागून एकजण ओरडला, कविता म्हण. कविता आज नाय. कविता तुम्ही ऐकता, टाळ्या वाजवता, घरी जाता, अन् दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या टपरीत अख्खी वस्ती दीड हजाराला विकून येता. वस्ती म्हणतोय मी. शब्द जपून वापरलाय.

हप्त्यावर फोन घेतो आपण. हप्ते फिटेपर्यंत काच फुटते, बॅटरी फुगते, चार्जिंगची पिन ढिली होते. मग मनीष मार्केट नाहीतर लॅमिंग्टन रोड, नाहीतर गल्लीच्या तोंडावरचा दुकानदार. पैसेवाल्याचं पोरगं नवा फोन घेतं तेव्हा जुना त्याच्या कपाटात झोपून राहतो. आपल्याला तो विकावाच लागतो आणि त्याच दिवशी विकावा लागतो, कारण त्या दीड हजारातूनच नव्याचं डाऊनपेमेंट जायचं असतं. म्हणून घाई. सिम काढलं, चार नको ते फोटो डिलीट केले, दुकानदाराला म्हटलं, घे बाबा, साफ हाये.

साफ काय साफ? आत काय गेलं ते मोजू या ना एकदा. आधारकार्डाचा फोटो, दोन्ही बाजूंनी. पॅनकार्ड. पासबुकाचं पहिलं पान. जातीचा दाखला. जात पडताळणीसाठी वर्षभर धावपळ करून जमवलेलं दप्तर, म्हणजे बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत्याचा दाखला, आज्याच्या नावाचा गावचा उतारा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. तीन पिढ्यांची नावं, गाव, तालुका, जात, सगळं एका फोल्डरात बांधून दिलेलं. बहिणीचे हळदीतले फोटो. बायकोचे सोनोग्राफीचे कागद. वस्तीच्या ग्रुपमधल्या दोनशे माणसांचे नंबर. मोर्च्याच्या आदल्या रात्री कोण कुठं थांबणार त्याचे मेसेज. ॲट्रॉसिटीच्या केसमधली एफआयआरची कॉपी, तिच्यात साक्षीदारांची नावं. जातीबाहेर लग्न करून गाव सोडलेल्या जोडप्याचा आत्ताचा पत्ता, तुझ्यावर भरवसा ठेवून पाठवलेला.

यातलं तुझं किती? आधार तुझं, पॅन तुझं. बाकीचं? फोनची पावती तुझ्या नावावर आहे रे, कबूल. पण त्या पोरीनं तुला फोटो पाठवला तो तू दुकानदाराला द्यावा म्हणून पाठवला नव्हता. त्या साक्षीदारानं नंबर दिला तो गावच्या पाटलाच्या भाच्याच्या हाती लागावा म्हणून दिला नव्हता. फोन विकायचा तुला हक्क आहे. त्यातली माणसं विकायचा नाय.

आता जरा मागं जातो, कारण आपल्याला हे नवीन नाही. आपलं नाव कुणाच्या दप्तरात आहे, हा प्रश्न आपल्या हाडात आहे. गावगाड्यात शिवेचा तंटा झाला की महाराला बोलवायचे. शीव कुठून जाते हे त्याला तोंडपाठ. आठवण आपल्या तोंडात, पण कागद कुलकर्ण्याच्या घरात. वतनाचा हिशोब तिथंच, आपल्या पोटाचा हिशोबही तिथंच. आपण त्याला हात लावू शकत नव्हतो. मग इंग्रज आला. त्यानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मल्याबरोबर अख्ख्या जमातीचं नाव पोलिसांच्या रजिस्टरात. हजेरीला जायचं, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, माणसं विमुक्त झाली म्हणाले. आमच्या पारधी भावांना विचारा, चोरी कुठंही होवो, पहिला दरवाजा कुणाचा वाजतो. रजिस्टर फाडलं तरी पोलिसाच्या डोक्यातलं पान फाटलं नाय.

अन् अंगठा. १८५८ साली बंगालात जंगीपूर इथं विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या माणसाच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला. कोनाई रस्त्यासाठी लागणारा माल पुरवणारा होता. उद्या हा शब्द फिरवेल म्हणून आजच त्याचा हात कागदावर दाबून घ्या, हा विचार. कुणाच्या हातापासून सुरुवात झाली बघा.  आणि आज आपल्याच मायबहिणींची बोटं सिमेंट कालवून, भांडी घासून अशी गुळगुळीत झालीत की रेशन दुकानातलं मशीन त्यांना ओळखत नाय. धान्य देताना ओळख पटत नाही. बाकी सगळीकडे पटते.

तर मित्रहो, कुलकर्ण्याचं दप्तर, पोलिसाचं रजिस्टर अन् ठशाचा कागद, हे तिन्ही मिळून जेवढं आपल्याबद्दल सांगू शकत नव्हतं त्याच्या शंभरपट आपण स्वतःच्या हातानं लिहून खिशात घालून फिरतोय. त्यात काही वाईट नाही. पहिल्यांदाच आपलं दप्तर आपल्या हातात आलंय. म्हणून तर सांभाळायचं म्हणतो.

फोनमधून नुसतं काय वाजतं त्यावरूनसुद्धा जीव जातो या महाराष्ट्रात. मे २०१५, शिर्डी. नर्सिंग शिकणारा आपला एक तरुण. मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण काढून त्याला मारून टाकलं, अशी फिर्याद झाली. रिंगटोन! मग फोनच्या पोटात काय काय आहे ते बाहेर पडल्यावर काय होईल, याचा अंदाज करा.

आता यंत्राकडं येतो. डिलीट केलं म्हणजे गेलं, हा भ्रम पहिल्यांदा काढून टाका. गोदीतलं उदाहरण देतो. जहाजात माल किती, कुठल्या खणात, याचा कागद टॅली क्लार्ककडं असतो. त्यानं कागदावरची एक ओळ खोडली. माल उतरला का? माल जहाजाच्या पोटात तसाच. फक्त कागद बघणाऱ्याला तो दिसत नाही, एवढंच. फोनचं डिलीट बहुतेक वेळा असंच असतं. यादीतली ओळ जाते, जागा 'रिकामी' म्हणून लिहिली जाते, आणि त्या जागेवर दुसरं काही येऊन पडत नाही किंवा फोन ती जागा स्वतः साफ करत नाही, तोपर्यंत जुनं तिथंच. जुन्या फोनमध्ये तर ते परत काढायची सॉफ्टवेअरं कुणालाही मिळतात.

शिवाय डिलीट केलेलं आधी कचरापेटीत जातं. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पेटीत ६० दिवस बसून असतो. आयफोनमध्ये ३० दिवस. व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. अँड्रॉइडवर रोज रात्री दोन वाजता ते फोनच्याच एका फोल्डरात चॅटची प्रत बनवतं, आणि मागच्या सात दिवसांच्या प्रती ठेवतं. दुपारी तू चॅट उडवलंस, आदल्या रात्रीची प्रत आत आहेच. रात्री दोनला जागा असलेला सगळ्यात इमानी कारकून!

२०१४ साली अवास्ट नावाच्या कंपनीनं एक प्रयोग केला. ईबेवरून लोकांनी विकलेले २० अँड्रॉइड फोन विकत घेतले. विकणाऱ्यांनी पुसून दिलेले. त्या वीस फोनमधून ४० हजारांच्या वर फोटो परत निघाले. दीड हजारांहून जास्त फोटो लेकरांचे, घरातले. साडेसातशेहून जास्त फोटो बायकांचे, कपडे काढत असलेल्या किंवा काढलेल्या. वीस फोन! आपल्या एका चाळीतनं वर्षाला त्याहून जास्त विकले जात असतील. आणि तिथल्या गोऱ्या बाईचा फोटो बाहेर आला तर ती कोर्टात तरी जाईल. आपल्या पोरीचा आला तर आधी तिची शाळा बंद होते, मग तिचं लग्न उरकतात. फोटो ज्यानं काढून विकला त्याला कुणी विचारत नाय. आई म्हणते, तूच का काढलास. आयांनो, राग मानू नका, पण असं म्हणू नका.

मग उपाय काय? उपाय आहे, आणि नव्या फोनमध्ये तो चांगला आहे. त्याला म्हणतात एन्क्रिप्शन. म्हणजे फोन जे काही लिहितो ते सांकेतिक करून लिहितो, आणि ते वाचायची किल्ली आतच एका कुलुपबंद जागी ठेवतो. तुम्ही फॅक्टरी रीसेट केलं की फोन ती किल्लीच नष्ट करतो. कंटेनर धक्क्यावर उभा, आत माल आहे, पण किल्ली समुद्रात गेली, आणि हे कुलूप कटरनं तुटणारं नव्हे. आतलं सगळं नुसतं आकड्यांचं भुसकट. आयफोनमध्ये ही सोय २००९ च्या थ्रीजीएसपासून आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ ला, सहाव्या आवृत्तीपासून, नव्या फोनला हे सक्तीचं झालं. पण सूट ठेवली. कुणाला? ज्याचा प्रोसेसर कमजोर, त्या फोनला. म्हणजे स्वस्त फोनला. म्हणजे आपल्याला! २०१९ ला दहावी आवृत्ती आली तेव्हापासून त्यावर निघालेल्या प्रत्येक नव्या फोनला, स्वस्तातल्यासुद्धा, कुलूप लागलं. चार वर्षं गरिबाचं दार उघडं ठेवलं आणि त्याला 'तांत्रिक कारण' म्हटलं. मंदिराच्या पायरीवर पण कारणच सांगायचे.

त्याच्या आधीच्या फोनची कथा केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन या दोघांनी २०१५ ला लिहून ठेवलीय. पाच कंपन्यांचे २१ जुने अँड्रॉइड फोन घेतले, रीसेट करून तपासले. कंपनीनं दिलेलं रीसेटचं बटण दाबूनसुद्धा मेसेज, फोटो, आणि गूगल खात्यात शिरायची किल्ली परत मिळाली. अशी अर्धवट पुसणारी यंत्रं जगात ५० कोटींपर्यंत असतील असा त्यांचा अंदाज. तेव्हा कपाटात, ट्रंकेत, आजीच्या पिशवीत असा दहाबारा वर्षांचा फोन असेल तर नुसत्या रीसेटवर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत 'एन्क्रिप्ट फोन' असेल तर आधी ते करा, चार्जरला लावून, तास-दीड तास जातो. मग रीसेट. मग पंख्याचा, भिंतीचा, आभाळाचा लांबच्या लांब व्हिडिओ काढून मेमरी पूर्ण भरा, आणि परत रीसेट. जुन्या मालावर नवी गोणी टाकल्यासारखं. शंभर टक्क्यांची हमी नाही, पण टपरीतल्या पोराला मग काही सापडायचं नाही. आणि असल्या फोनचे येतात किती? तीनशे? ठेवा ना घरी. नका विकू.

आता नवा किंवा मधला फोन. इथं क्रम महत्त्वाचा, म्हणून नीट ऐका. पहिल्यांदा जे ठेवायचं ते बाहेर काढायचं. त्याच्याकडे मी परत येणार आहे, कारण खरा विषय तोच. मग पैशाची ॲपं. फोनपे, गूगलपे, पेटीएम, आणि भीम. ३० डिसेंबर २०१६ ला सरकारनं आणलेल्या ॲपला बाबासाहेबांचं नाव दिलं. नाव भीमाचं, आणि खात्यात? असो. या ॲपांतून बँकखातं काढा, लॉगआउट करा. पिन फोनात नसतो, बँकेकडे असतो, त्यामुळे घाबरायचं नाही, पण दुसऱ्याच्या हातात उघडं ॲप देऊन घरी जायचं नाही. व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू केलंत की जुन्यावरचं आपोआप बंद पडतं. पण बंद पडतं म्हणजे आतला मजकूर जातो असं नाही, ध्यानात ठेवा.

मग, अन् हे बहुतेक जण विसरतात, रीसेटच्या आधी सेटिंग्जमध्ये अकाउंट्सला जाऊन गूगलचं खातं काढायचं. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडायचं. का? २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये चोरीविरुद्ध एक कडी आहे. खातं न काढता बाहेरच्या बटणांनी रीसेट केलं तर फोन पुन्हा चालू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. मग दुकानदाराचा फोन येतो: भाऊ, अडकलाय, जरा पासवर्ड सांगा ना. आणि आपला माणूस सांगतो! पाच वर्षांचे फोटो, मेल, नंबर, सगळं ज्या एका शब्दामागं आहे तो शब्द फोनवर सांगून टाकतो, कारण दुकानदार 'भाऊ' म्हणाला. नाय सांगायचा. फोन परत हातात घ्यायचा, स्वतः टाकायचा, स्वतः खातं काढायचं.

सिम काढा. मेमरी कार्ड काढा. साधं लावलेलं कार्ड बहुतेक वेळा उघडंच असतं, फोनचं कुलूप त्याला लागत नाही, आणि रीसेट त्याला पुसत नाही. फोन दीड हजाराला गेला अन् दोनशे रुपयांच्या नखाएवढ्या कार्डावर आख्खं लग्न गेलं, असं व्हायला नको. कार्ड विकायचंच नाही.

मग सेटिंग्ज, सिस्टीम, रीसेट, 'इरेज ऑल डेटा'. कंपनीगणिक नावं बदलतात, वरच्या शोधाच्या चौकटीत 'रीसेट' टाका, सापडतं. झाल्यावर फोन चालू करून बघा. 'वेलकम' दिसलं, भाषा विचारली, जुन्या खात्याबद्दल अवाक्षर नाही, तर दार नीट लागलं. हे घरी करायचं. दुकानात दुकानदार म्हणतो, मी मारतो रीसेट, तुम्ही जा. नाय. आपण उभं राहायचं, आपल्या डोळ्यांसमोर.

ज्यांनी विकून टाकलाय त्यांनी आत्ताच चेहरे पाडू नका. दुसऱ्या फोनवरून गूगल खात्यात जा, 'युअर डिव्हायसेस' बघा, जुन्या फोनला साइनआउट करा, पासवर्ड बदला. खातं अजून त्यात असेल आणि तो फोन नेटला लागला, तर लांबूनही पुसता येतो.

दुरुस्तीचं वेगळं सांगायला पाहिजे. डिस्प्ले बदलायला फोन टाकला की दुकानदार विचारतो, पॅटर्न काय? आणि पांढऱ्या पट्टीवर नऊ ठिपके काढून, रेघ ओढून, फोनच्या पाठीला चिकटवतो. दिवसभर तो फोन काउंटरवर, पाठीवर किल्ली चिकटवलेली. डिस्प्ले बदलायला पॅटर्न कशाला पाहिजे? समोर बदलून घ्या, समोर उघडून दाखवा. काही नव्या फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' किंवा 'रिपेअर मोड' आलाय, तो चालू केला की दुरुस्तीवाल्याला यंत्र दिसतं, आतलं घर दिसत नाही.

आता बंद पडलेले फोन. गल्लीत भोंगा वाजतो ना: जुना मोबाईल, फुटका मोबाईल, बंद मोबाईल, द्या, टब घ्या, बादली घ्या. मावशी म्हणते, मेलेला फोन आहे, बादली तरी येईल. फोन मेला म्हणजे आतली मेमरी मेली असं नसतं. काच गेली, बॅटरी गेली, तरी चिप जिवंत असते. २०२४ साली तेलंगणात रामगुंडमच्या सायबर पोलिसांनी असेच जुने फोन गोळा करणारे पकडले. घरगुती सामानाच्या बदल्यात घेतलेले चार हजाराच्या आसपास फोन त्यांच्याकडे सापडले, आणि ते सायबर फसवणूक करणाऱ्यांकडे जाणार होते असं पोलीस म्हणाले. भोंगावाला आपल्यासारखाच पोटासाठी फिरणारा, मी त्याला चोर म्हणत नाय. तो भंगार पोचवतो, पुढं कुठं जातं ते त्यालाही ठाऊक नसतं. पण बादलीसाठी फोन देऊ नका. दुरुस्तीवाल्याकडून तात्पुरता चालू करून पुसून घ्या, नाहीतर बॅटरी वेगळी काढून घेऊन बोर्डावरच्या चिपा फोडा. बॅटरीवर मात्र हातोडा घालायचा नाय. पेट घेते ती.

अन् एक कागद. विकताना चिठ्ठी घ्यायची. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो, तो लिहायचा, तारीख लिहायची, घेणाऱ्याचं नाव, दुकानाचा शिक्का, सही. हसू नका. तो फोन उद्या कुणी गुन्ह्यात वापरला तर पोलीस आयएमईआयच्या मागावर निघतात आणि पहिल्या बिलावरच्या नावाशी येऊन थांबतात. मलबार हिलवरच्या माणसाला ते फोन करून विचारतील, आपल्याला आधी व्हॅनमध्ये घालतील, मग विचारतील. ती चिठ्ठी त्या रात्री उपयोगी पडेल. विकत घेताना पण तेच. बिल मागा, आणि संचार साथी या सरकारी सोयीवर आयएमईआय टाकून बघा, चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का.

आता ठेवायचं काय, ते.

पुसणं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पिढ्यान् पिढ्या पुसत, झाडत, उचलत आलोय. आपल्या पावलांच्या खुणासुद्धा पुसायला पाठीला झाप बांधायला लावला होता म्हणतात पेशवाईत. तेव्हा पुसायचं बटण दाबण्याआधी आपल्या लोकांनी दोनदा थांबायला पाहिजे. कारण आपल्यावर झालेल्या अत्याचाराचा पुरावा आज बहुतेक वेळा कुठल्या सरकारी कपाटात नसतो, तो कुणाच्या तरी फुटक्या काचेच्या फोनात असतो.

उना आठवा. ११ जुलै २०१६. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला, त्यांनीच मिरवत फिरवला. त्या व्हिडिओनं गुजरात हलवला. त्याच्या दहा वर्षं आधी, २९ सप्टेंबर २००६ ला, खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली, तेव्हा असा एकही व्हिडिओ नव्हता. त्या प्रेतांना बोलतं करायला रस्त्यावर यावं लागलं.

म्हणून कायद्याचं सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे व्हिडिओची कॉपी कोर्टात द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतं, आणि त्यात 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणजे अंगठा गेला. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तसा जसाच्या तसा जातो. आणि जुन्या कायद्याखालचा, पण आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून झालेला खटला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं त्यात म्हटलं की कॉपीला सर्टिफिकेट पाहिजेच, पण ज्या यंत्रात मूळ नोंद आहे ते यंत्रच त्याच्या मालकानं साक्षीला उभं राहून हजर केलं तर सर्टिफिकेटची गरज नाही.

अर्थ कळला का? ज्या फोनवर शूटिंग झालंय तो फोन म्हणजे साक्षीदार. तो विकायचा नाय. पुसायचा नाय. दुरुस्तीला टाकायचा नाय. बंद करून, कापडात गुंडाळून, कुणाकडं ठेवलाय ते दोघांना सांगून, वकिलाला विचारून ठेवायचा. खटला असताना पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि तो आपल्यावरच उलटवायला ते टपलेले असतात. ज्या पोराच्या फोनमध्ये असं काही आहे आणि त्याला पैशाची नड आहे, त्याला त्या दीड हजारासाठी दुकानाची पायरी चढावी लागता कामा नये. तेवढी वर्गणी आपण याच सतरंजीवर जमवू. याच्यावर मला आज ठराव पाहिजे, नुसती टाळी नको.

दुसरं ठेवायचं ते मेलेल्यांचं. हसण्यासारखं नाय हे. आपल्या आज्यापणज्याचा एकही फोटो नाही आपल्याकडं, आवाज तर सोडाच. आज आईनं गावाकडून पाठवलेला वीस सेकंदांचा आवाज आहे फोनात, 'जेवलास का रं' म्हणणारा. तो फोनाबरोबर जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' आहे, 'इन्क्लूड मीडिया' करून मेलवर पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर घाला. जलशाचे व्हिडिओ, म्हाताऱ्या शाहिरांची गाणी, सत्याग्रहाच्या आठवणी सांगणारी आजी, हे सगळं नावगाव अन् तारीख टाकून दोन ठिकाणी ठेवा. विद्यापीठ येणार नाय ते गोळा करायला. आलं तर आपल्या नावानं ठेवणार नाय.

बोलणं पुरे झालं. त्या खिडकीजवळच्या टेबलावर दोन चार्जर आणि एक पेनड्राइव्ह ठेवलाय. ज्यांनी जुने फोन आणलेत त्यांनी रांग लावा, मावश्यांना पुढं येऊ द्या. बटण मी दाबणार नाय, ज्याचा फोन त्यानं दाबायचं, मी बाजूला उभा राहीन. पासवर्ड मला सांगू नका. बॅटरी अर्ध्याच्या वर आहे का आधी बघा. आणि ज्यांच्या फोनात असं काही आहे की ते पुसावं का ठेवावं हे अजून ठरलेलं नाही, त्यांनी तो खिशातच ठेवा आणि जेवणानंतर एकेकटे भेटा.

जयभीम.